‘पाणी उकळू नका’: टोलेडोच्या नळाचं प्रकरण

२ ऑगस्ट २०१४, शनिवार. मध्यरात्र उलटून गेल्यावर अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो महापालिकेने नागरिकांना कळवलं की नळाचं पाणी पिऊ नका, आणि ते उकळूही नका. टोलेडो, भोवतालची उपनगरं आणि शेजारच्या मिशिगन राज्यातली काही गावं मिळून पाच लाखांच्या आसपास माणसं या एका पाणीयोजनेवर होती. उजाडेपर्यंत दुकानांतल्या बाटल्या संपत आल्या. लोक गाड्या काढून दुसऱ्या शहरांत पाणी शोधत फिरले, हॉटेलं बंद राहिली. गव्हर्नर जॉन केसिक यांनी आणीबाणी जाहीर केली आणि नॅशनल गार्डचे जवान पाणी वाटायला उतरले. सोमवारी, ४ ऑगस्टला सकाळी बंदी उठली. महापौर डी. मायकेल कॉलिन्स यांनी सगळ्यांसमोर नळाचं पाणी पिऊन दाखवलं.

जगातल्या मोठ्या गोड्या पाण्याच्या साठ्यांपैकी एक असलेलं ईरी सरोवर दारात होतं आणि शहर मात्र बाटलीबंद पाण्यासाठी रांगेत उभं होतं. कारण होतं शेवाळ. हे प्रकरण मुद्दाम सविस्तर मांडतोय, कारण टोलेडोत उपग्रह होते, शास्त्रज्ञ होते, साप्ताहिक अंदाजही निघत होता. तरीही शहराला त्या रात्री बंदीचा मार्ग धरावा लागला. साधनं असूनही असं का झालं आणि पुढे काय बदललं, हे समजून घेण्यासारखं आहे.

उकळून का चालत नाही

आपल्याकडे पावसाळा लागला की महापालिकेचं आवाहन ठरलेलं असतं: पाणी उकळून, गाळून प्या. कॉलरा, कावीळ, गॅस्ट्रो या सगळ्यांवर तो सल्ला बरोबर आहे, कारण तिथे शत्रू जिवंत असतो आणि उष्णतेने मरतो. ईरीतला शत्रू वेगळा. मायक्रोसिस्टिस नावाचं निळं-हिरवं शेवाळ (खरं तर हे जिवाणूच, म्हणजे सायनोबॅक्टेरिया) मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतं. ते यकृतावर घाला घालतं आणि उकळण्याच्या तापमानाला टिकून राहतं. उकळताना पाण्याची वाफ होते, विष मागे राहतं. म्हणजे भांड्यातल्या उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. आईने बाळासाठी काळजीने पाणी उकळलं, तर ती नकळत विष दाट करते.

हे विष काय करू शकतं ते १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात दिसलं. एका डायलिसिस केंद्रात नीट शुद्ध न केलेलं पाणी वापरलं गेलं आणि पन्नासहून जास्त रुग्ण यकृत निकामी होऊन दगावले. डायलिसिसमध्ये पाण्याचा रक्ताशी थेट संबंध येतो, म्हणून तिथला घाला इतका भीषण होता. दोनच वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआर या विषप्रकाराची मर्यादा सुचवली: लिटरला १ मायक्रोग्रॅम. ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचा हा हिशेब. टोलेडोच्या शुद्ध केलेल्या पाण्याने त्या रात्री हीच रेषा ओलांडली होती.

त्या आठवड्यात सरोवरात काय चाललं होतं

ईरी हे उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांतलं सगळ्यात उथळ, आणि त्याचा पश्चिमेकडचा भाग तर सरासरी सात-साडेसात मीटरच खोल. त्यात मौमी नदी येऊन मिळते. तिच्या खोऱ्यात मैलोन्‌मैल मका-सोयाबीनची शेतं आहेत आणि जमिनीखाली पाणी काढून देणाऱ्या नळ्यांचं जाळं. खताचा आणि शेणखताचा फॉस्फरस वसंतातल्या पावसाबरोबर नदीत, तिथून सरोवरात. ऊन तापलं की शेवाळाला जेवण तयार. भरीस भर म्हणजे जहाजांच्या पाण्यातून आलेले परदेशी शिंपले, झेब्रा आणि क्वागा. ते पाणी गाळून इतर शैवाल खातात आणि मायक्रोसिस्टिस मात्र थुंकून टाकतात, त्यामुळे त्याला स्पर्धकच उरत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. २०१४ चा बहर, म्हणजे शेवाळाची एकदम झालेली वाढ, हा काही विक्रमी नव्हता. ‘नोआ’ ही अमेरिकेची सागर व हवामान संस्था दर वर्षी ईरीच्या बहराला एक तीव्रता-अंक देते. २०१४ चा अंक होता ६.५. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये तो १०.५ वर गेला, म्हणजे तोवरचा विक्रम. त्या वर्षी मात्र टोलेडोचा नळ बंद करावा लागला नाही.

मग २०१४ मध्येच का? शहराचं पाणी किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत, सरोवराच्या तळाजवळून उचललं जातं; त्या तोंडाला इनटेक म्हणतात. मायक्रोसिस्टिसच्या पेशीत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात. वारा पडला की ते वर तरंगतं आणि पृष्ठभागावर हिरव्या रंगाच्या थरासारखं साचतं. दिसायला भयंकर, पण तळाशी असलेल्या इनटेकला त्याचा त्रास कमी. वारा सुटला, लाटा उठल्या की तेच शेवाळ खालपर्यंत ढवळलं जातं. वरचा हिरवा थर विरतो, पाणी जरा बरं दिसायला लागतं आणि नेमकं तेव्हाच विष इनटेकच्या तोंडाशी येतं. ऑगस्टच्या सुरुवातीला वाऱ्याने बहर टोलेडोच्या बाजूला लोटला आणि खोलवर मिसळला. नंतरच्या एका संशोधनात आणखी एक शक्यता मांडली गेली: विषाणूंनी शेवाळाच्या पेशी फोडल्या असाव्यात, त्यामुळे पेशीत कोंडलेलं विष पाण्यात विरघळलं. पेशीतलं विष गाळणीत अडकतं. विरघळलेलं विष गाळणीतून सरळ पुढे जातं.

म्हणून ‘सरोवर किती हिरवं आहे’ आणि ‘नळाला काय येणार आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुढे जी साधनं उभी राहिली त्यांचं मोल मी याच एका कसोटीवर जोखतो: ती पहिल्या प्रश्नापाशी थांबतात की दुसऱ्यापर्यंत पोचतात?

आकाशातून काय दिसत होतं, काय नाही

उपग्रहाला पाण्यातलं विष दिसत नाही. त्याला दिसतो तो रंग. साध्या शैवालातलं हरितद्रव्य ऊन खाऊन लाल रंगाच्या एका ठरावीक पट्ट्यात, ६८१ नॅनोमीटरच्या आसपास, किंचित चमकतं. तिथे आलेखाला उंचवटा येतो. सायनोबॅक्टेरिया तिथे फारसे चमकत नाहीत, उलट थोडं पुढे ७०९ च्या जवळ जास्त प्रकाश परत फेकतात. त्यामुळे त्यांच्या आलेखात ६८१ पाशी खळगा दिसतो. उंचवटा की खळगा, आणि खळगा किती खोल, एवढ्यावरून संगणक ठरवतो की हे निळं-हिरवं शेवाळ आहे का आणि किती दाट. ‘नोआ’च्या रिचर्ड स्टंफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईरीसाठी ही पद्धत रुळवली. नुसता हिरवेपणा मोजला असता तर निरुपद्रवी शैवालालाही घाबरून इशारे निघाले असते.

हे काम युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहावरच्या ‘मेरिस’ या उपकरणाने उत्तम होत होतं. त्याच्या चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) ३०० मीटरचा. पण एप्रिल २०१२ मध्ये एन्व्हिसॅटशी संपर्क तुटला तो तुटलाच. त्यानंतर काम चालवलं नासाच्या ‘मोडिस’ या उपकरणाने, ज्याचा यासाठी वापरला जाणारा ठिपका साधारण एक किलोमीटरचा. टोलेडोची घटना नेमकी या मधल्या काळातली. मेरिसचा वारसदार, सेंटिनेल-३ए, आकाशात गेला तो फेब्रुवारी २०१६ मध्ये.

तरीही बहर मौमीच्या मुखापाशी आहे एवढं त्या आठवड्यात दिसत होतं. दर आठवड्याचं पत्रक निघत होतं. उणीव चित्रात कमी आणि चित्रानंतरच्या वाटेत जास्त होती. आठवड्याचं पत्रक आठवड्यासाठी असतं, वारा तासाभरात फिरतो. उपग्रह पृष्ठभाग पाहतो, इनटेक तळाशी असतं. आणि विष आहे की नाही हे सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे प्रयोगशाळेतली चाचणी.

ती चाचणी कशी होते ते पाहिलं की त्या रात्रीची घालमेल कळते. पाण्याचा नमुना तीन वेळा गोठवून वितळवायचा, म्हणजे पेशी फुटून सगळं विष बाहेर येतं. मग ९६ छोट्या खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत थेंबथेंब घालायचा. त्यात प्रतिपिंडं असतात. रसायनं घालत, धुवत, थांबत शेवटी खळगे पिवळे होतात. इथे उलटा हिशेब असतो: जितका रंग फिका तितकं विष जास्त. एवढ्या सगळ्याला काही तास लागतात. तोवर शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी लोकांच्या टाक्यांत पोचत असतं. निकाल १ च्या वर आला तर पुन्हा तपासायचं की लगेच बंदी घालायची? नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचा का? टोलेडोच्या बाबतीत पुढे नमुने सिनसिनाटीतल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या प्रयोगशाळेपर्यंत गेले. शहराने आधी बंदी घातली आणि मग खात्री करून घेतली. माझ्या मते त्या रात्रीचा तो सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता. पाच लाख लोकांची झोपमोड झाली, दुकानं रिकामी झाली, टीका झाली. पण आधी खात्री करत बसले असते तर शनिवारचा सकाळचा चहा त्याच पाण्याचा झाला असता.

याआधीची खूण होती, हेही नोंदवायला हवं. सप्टेंबर २०१३ मध्ये जवळच्याच कॅरोल टाउनशिपने, जिथे या पाण्यावर साधारण दोन हजार माणसं अवलंबून होती, याच विषामुळे आपलं केंद्र बंद केलं होतं.

मग काय उभं केलं

२०१४ नंतर या पट्ट्यात जे बसवलं गेलं त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसायला सगळ्यात साधी आहे: पिवळा तरंगता बोया आणि त्याच्याखाली पाण्यात सोडलेली हातभर लांबीची नळकांडी, जिला सोंड म्हणतात. नळकांडीच्या टोकाला चार-सहा सेन्सर. एक सेन्सर निळ्या-हिरव्या शेवाळातल्या फायकोसायनिन या रंगद्रव्यावर प्रकाश टाकून त्याची चमक मोजतो. दुसरा पीएच, तिसरा विरघळलेला ऑक्सिजन, चौथा गढूळपणा. सेन्सरवरच शेवाळ चढू नये म्हणून मध्ये एक छोटा ब्रश फिरत राहतो. दर थोड्या मिनिटांनी आकडे किनाऱ्यावर येतात आणि महासरोवरांच्या निरीक्षण जाळ्यावर कुणालाही पाहता येतात. टोलेडो विद्यापीठ, सरकारी प्रयोगशाळा, खासगी अभियंते, जलशुद्धीकरण केंद्रं असे अनेक जण मिळून हे बोये चालवतात.

या आकड्यांत जाणकाराला गोष्ट दिसते. फायकोसायनिन चढलं आणि बरोबर दिवसाचा पीएच ९ कडे सरकला, तर शेवाळ जिवंत आहे, ऊन खातंय, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतंय. नुसता गढूळपणा वाढला आणि बाकी काही हललं नाही, तर तो नदीचा गाळ असण्याचा संभव जास्त. वारा सुटल्यावर फायकोसायनिन तळाच्या सेन्सरवर चढलं, तर केंद्रातल्या माणसाला समजतं की पुढच्या काही तासांत हे पाणी आपल्या दारात आहे.

त्या काही तासांत करण्यासारखं बरंच असतं. पावडर रूपातल्या सक्रिय कोळशाचा डोस वाढवायचा, तो विरघळलेलं विष शोषून घेतो. सुरुवातीलाच जास्त क्लोरीन ओतायचं नाही, कारण त्याने पेशी फुटतात आणि गाळून काढता आलं असतं ते विष पाण्यात सुटतं. आधी पेशी अख्ख्या गाळात बसवायच्या, क्लोरीन नंतर. नमुने दिवसाला एकऐवजी अनेक काढायचे. यातलं काहीच नवीन तंत्र नाही. वेळ हातात असणं हे नवीन होतं.

पाण्याखालचा अंदाजही पुढे गेला. ‘नोआ’च्या महासरोवर प्रयोगशाळेने असं संगणकीय प्रारूप चालवलं जे बहर पाच दिवसांत कुठे सरकेल एवढंच सांगत नाही, तो वर तरंगेल की खोल मिसळेल हेही दाखवतं. इनटेक सांभाळणाऱ्याला दुसरा भागच हवा असतो. याच प्रयोगशाळेने सरोवराच्या तळाशी एक यंत्रमानवी प्रयोगशाळाही उतरवून पाहिली. ती स्वतः पाणी ओढते, पेशी फोडते, मायक्रोसिस्टिन मोजते आणि काही तासांत निकाल किनाऱ्यावर पाठवते. पिवळ्या खळग्यांची ताटली जणू तळाशी नेऊन ठेवली.

आणि नियम बदलले. केंद्रीय पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये नवे सल्ला-आकडे दिले: शाळेत न जाणारी लहान मुलं आणि बाळं यांच्यासाठी लिटरला ०.३ मायक्रोग्रॅम, शाळकरी मुलं आणि मोठ्यांसाठी १.६. ओहायोने जून २०१६ पासून पृष्ठजल वापरणाऱ्या पाणीयोजनांना मायक्रोसिस्टिनची नियमित तपासणी सक्तीची केली. सोबत विष तयार करणाऱ्या जनुकांची चाचणीही आली, जी विष दिसण्याआधी धोका दाखवू शकते. टोलेडोने आपल्या पाण्याची स्थिती दाखवणारा डॅशबोर्ड लोकांसाठी खुला केला आणि केंद्रात ओझोनची प्रक्रिया आणली. बोयाच्या आकड्याला किंमत येते ती या नियमांमुळे. आकडा कितीला गेला की कुणी काय करायचं हे लिहिलेलं असेल, तर रात्री एक वाजता कुणाला धाडस गोळा करावं लागत नाही.

एका शहरापलीकडे

टोलेडोकडे बोये आले, पण देशभरच्या तलावांना कुठून आणायचे? म्हणून केंद्रीय पर्यावरण संस्था, नासा, नोआ आणि भूगर्भ सर्वेक्षण यांनी ‘सायॅन’ हा एकत्र प्रकल्प उभारला. सेंटिनेल-३ ची चित्रं त्याच खळग्याच्या हिशेबाने तपासून दोन हजारांहून जास्त मोठे तलाव आणि जलाशय नकाशावर येतात. २०१९ मध्ये अँड्रॉइडवर अ‍ॅप आलं, २०२१ मध्ये ते ब्राउझरवरही आलं. तलावाचा अधिकारी आपल्या ठिकाणावर खूण लावतो, धोक्याची पातळी स्वतः ठरवतो आणि रंग बदलला की माणूस पाठवून नमुना काढतो.

याचा पैशातला हिशेबही झाला आहे. २०१७ मध्ये युटा राज्यातल्या युटा लेकवर उपग्रहाच्या माहितीमुळे इशारा काही दिवस आधी देता आला. एका अभ्यासाने काढलं की त्यामुळे आजारपण, उपचार, बुडालेला रोजगार मिळून साधारण ३ लाख ७० हजार डॉलर वाचले. एक तलाव, एक उन्हाळा.

या साधनांच्या मर्यादा मात्र साध्या नाहीत. ३०० मीटरच्या ठिपक्यात लहान तळी वेगळी दिसत नाहीत. ढग आले की उपग्रह आंधळा. सेन्सर रंगद्रव्य मोजतो, विष नाही, आणि तेवढ्याच शेवाळात कधी भरपूर विष असतं, कधी जवळजवळ नसतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यातलं काहीही फॉस्फरस कमी करत नाही. ओहायोतल्या टिफिन गावातलं हायडलबर्ग विद्यापीठ १९७५ पासून मौमीच्या पाण्यातला फॉस्फरस मोजतंय. दर उन्हाळ्याच्या तोंडावर येणारा बहराचा अंदाज वसंतात नदीतून किती फॉस्फरस आला यावरच उभा असतो. अमेरिका आणि कॅनडाने २००८ च्या तुलनेत ४० टक्के घट करायचं ठरवलं होतं, आणि ओहायो, मिशिगन व कॅनडातल्या ऑन्टारियोने त्यासाठी २०२५ ची मुदत घातली होती. ते साधलेलं नाही. २०१९ मध्ये टोलेडोकरांनी वैतागून मतदान केलं आणि सरोवरालाच कायदेशीर हक्क दिले. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. मला त्या मतदानात कायद्यापेक्षा माणसांची हतबलता जास्त दिसते.

उजनीच्या काठाने पाहता

हे वाचताना भीमेच्या खोऱ्यातल्या माणसाला उजनी आठवल्याशिवाय राहणार नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. पाणी हिरवं पडल्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि सोलापूर शहराची तहान त्याच धरणावर भागते. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री चमकणाऱ्या निळ्या लाटांचे व्हिडिओ सगळे पाहतात. समुद्रातल्या बहरांसाठी हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून माहितीसेवा चालवते. पण ती समुद्रासाठी. धरणांच्या गोड्या पाण्याचा प्रश्न वेगळा आहे.

सेंटिनेलची चित्रं महाराष्ट्रावरूनही घेतली जातात आणि ती विनामूल्य मिळतात. उजनीचा फुगवटा ३०० मीटरच्या ठिपक्यांनीही सहज दिसण्याइतका पसरट आहे. हिवाळा आणि उन्हाळ्यात आकाश मोकळं असतं, त्या महिन्यांत तरी ढगांची सबब उरत नाही. सेंटिनेल-२ चा ठिपका तर १० ते २० मीटरचा, म्हणजे काठावरच्या गावांपाशी साचलेला थरही वेगळा दिसू शकतो. जॅकवेलपाशी, म्हणजे धरणातून पाणी उचलायच्या विहिरीपाशी, एक सोंड, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ताटलीची चाचणी आणि कोळशाचा साठा, एवढ्यावर सुरुवात होते. चित्र पाहून जॅकवेलवरच्या ऑपरेटरला फोन करणारा माणूस नेमावा लागेल, कार्यकारी अभियंत्याच्या सहीची वाट न पाहता कोळशाचा डोस वाढवायची मुभा त्या ऑपरेटरला लागेल, आणि ०.३ चा आकडा ओलांडला तर लहान मुलांच्या घरांसाठी टँकर कुठून निघणार ते उन्हाळ्याआधी कागदावर यावं लागेल.